गुप्त बंधुत्व आणि उघडे बंधुत्व

चार माणसांनी एकत्र यावे, एकमेकांस बंधू म्हणावे, शपथ घ्यावी आणि त्या शपथेच्या बळावर समाजाची घडी बदलण्याची उमेद धरावी, ही इच्छा फार जुनी आहे. ती कोठवर पोहोचते व कोठे अडते, हे पाहावयाचे असेल तर परदेशी जावयास नको. मुंबईच्या परमहंस सभेचा इतिहास पुरेसा आहे. सुलतानपुरासारख्या वऱ्हाडातील गावी बसून तो वाचणाऱ्यासही त्यातून घेण्याजोगे पुष्कळ आहे.

मराठी व्याकरणकार म्हणून ज्यांचे नाव सर्वतोमुखी आहे, ते दादोबा पांडुरंग तर्खडकर सुरतेस असता तेथे दुर्गाराम मंछाराम आदी मंडळींच्या खटपटीने १८४४ साली मानवधर्म सभा निघाली. पुढे १८४९ साली दादोबांच्याच प्रेरणेने मुंबईत परमहंस सभा स्थापन झाली. राम बाळकृष्ण जयकर हे तिचे अध्यक्ष होते. ईश्वर एक आहे, मनुष्यमात्र एक जात आहे, हे तिचे सार. नव्या सभासदाने जातिभेद न मानण्याची प्रतिज्ञा करावयाची आणि ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खाऊन व मुसलमानाच्या हातचे पाणी पिऊन ती तेथेच खरी करून दाखवावयाची, असा शिरस्ता होता. सभेच्या आरंभी व अखेरीस मराठीतून प्रार्थना होई. परंतु हे सर्व गुप्तपणे!

ही गुप्तता केवळ भित्रेपणाची होती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्या काळी ग्रामण्य म्हणजे थट्टा नव्हती. वाळीत पडलेल्याच्या मुलीचे लग्न जमत नसे, त्याच्या घरी न्हावी-परीट फिरकत नसे, आणि मेल्यावर खांदा द्यावयासही जातीचा माणूस मिळत नसे. एकट्या पुरुषाने हे सोसावे. पण घरातील वृद्ध माता, पत्नी, लहान मुले यांनी काय म्हणून सोसावे? हा प्रश्न त्या तरुणांपुढे उभा होता, आणि तो खोटा नव्हता.

तथापि कारण खरे असले म्हणून परिणाम चुकत नाही. १८६० साली सभासदांच्या नावांची यादीच चोरीस गेली. आपले नाव आता चव्हाट्यावर येणार, या धास्तीने मंडळी पांगली व सभा मोडली. विचार करा: त्या सभेवर कोणी फौज पाठविली नव्हती, कोणी तिच्या मतांचे खंडन केले नव्हते, कागदाच्या काही पानांनी ती बुडविली. जे तत्त्व दाराआड आचरिले जाते, त्याचा प्राण दाराच्या कडीत असतो. कडी निघाली की प्राण गेला.

मात्र बीज वाया गेले नाही. ३१ मार्च १८६७ रोजी मुंबईत प्रार्थना समाज उघडपणे स्थापन झाला, तेव्हा दादोबांचे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग त्यात अग्रभागी होते. आणि २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात जोतीराव फुले यांनी सत्यशोधक समाज काढला, तो तर भर मांडवात उभा राहिला. भटाविना लग्ने लागली, ती शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत लागली. म्हणूनच ती चळवळ शहरातून खेड्यात उतरली. त्या जोतीरावांचे चरित्र १९२७ साली प्रसिद्ध करणारे पंढरीनाथ सीताराम पाटील हे आपल्याच बुलढाणा जिल्ह्यातील चिखलीचे, हे आमच्या वाचकांनी विसरू नये. गुप्त मंडळींची परंपरा चोरीबरोबर संपली; उघड्या चळवळीची परंपरा चिखलीपर्यंत आली.

आज काळ पालटला आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ साली कायदा केला व तो २०१७ साली अंमलात आला. बहिष्कार घालणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ज्या भयाने दादोबांच्या मित्रांची वाचा बंद केली, त्या भयाच्या हातून सरकारने काठी काढून घेतली आहे. असे असता आपली सबब कोणती? शहरातील खाणावळीत कोणाही शेजारी बसून जेवणारा सुशिक्षित तरुण गावी परतताच सोयरीक, पंगत व पाणवठा यांच्या जुन्या रेषा निमूटपणे पाळतो, तेव्हा तो परमहंस सभेचा वारसदारच ठरतो. फरक इतकाच की, त्यांस भयाचे कारण होते, यास केवळ सवयीचे आहे.

कायदा अपराध्यास शिक्षा करील; पण तो कोणाच्या ताटाशेजारी येऊन बसणार नाही. ते काम माणसांचे आहे. सुलतानपुरी असो वा अन्यत्र, ज्या तरुणांस बंधुत्वाचे मंडळ काढावयाचे असेल, त्यांनी प्रथम आपली नावे चावडीवर लिहून लावावीत आणि पहिली पंगत आपल्याच अंगणात घालावी. जी यादी भिंतीवर आहे, ती कोणी चोरू शकत नाही.