स्थानकावरचा बाजार

मुलांनो, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली, मुलुंड अशा कोणत्याही स्थानकाबाहेर पाऊल टाका. फळवाले, चहावाले, कपड्यांची दुकाने लगेच दिसतात. जिथे माणसे येतात, तिथे बाजार भरतो. पण स्थानक आणि बाजार एकाच इमारतीत असतील तर?

असे ठिकाण नवी मुंबईत आहे. घाटकोपरहून कुर्ल्याला जावे आणि तिथे हार्बर मार्गावरची पनवेल गाडी पकडावी. नेरूळनंतर सीवूड्स-दारावे-करावे हे स्थानक येते. दारावे आणि करावे ही तिथली जुनी गावे. येथे खाली गाड्या धावतात आणि वर दुकाने व उपाहारगृहे आहेत. हा मॉल २०१७ साली सुरू झाला.

असे का बांधले? रेल्वेसाठी पैसा फार लागतो आणि स्थानकाजवळच्या जागेला मोल असते. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने ही जागा एका कंपनीला बांधकामासाठी दिली. त्याबरोबर स्थानक बांधण्याचे कामही तिच्यावरच सोपवले. प्रवाशांना स्थानक मिळाले, दुकानदारांना गिऱ्हाईक मिळाले. जपानमधील ओसाका शहरात उमेदा स्थानकाला लागून हानक्यू रेल्वे कंपनीने १९२९ सालीच मोठे दुकान उघडले होते.

मॉलचे काचेचे दरवाजे आणि चकचकीत फरशी पाहून काही जण बाहेरच थबकतात. 'आपल्याला आत घेतील का?' असे त्यांना वाटते. पण आत जायला तिकीट नसते. दारावर पिशवी तपासतात, ती सर्वांचीच. सरकत्या जिन्यावर कठडा धरून उभे राहावे. ओढणी, साडीचा पदर, बुटाची नाडी सांभाळावी.

फिरायला पैसे पडत नाहीत, घ्यायला पडतात. म्हणून आधी किंमत वाचावी. दुकानातील बंद पाकिटावर कमाल किंमत छापलेली असते. तीत सर्व कर धरलेले असतात. दुकानदाराने त्याहून जास्त मागू नये. उपाहारगृहाच्या बिलात 'सेवा शुल्क' लावले असेल, तर ते देणे आपल्या मर्जीवर असते. सरकारने २०२२ साली तसे स्पष्ट केले आहे.

बाजार, दुकान, दरवाजा, जिना, किंमत, हिशेब हे शब्द तर उर्दूतही आहेत. तेव्हा बिल समजले नाही, तर न लाजता मराठीत विचारा, "दादा, हा हिशेब कसा केला?"