उस्ताद ओरडले, आपण काय पाहिलं?

दोस्तांनो, हे दृश्य तुम्ही केव्हातरी पाहिलंच असेल. सिनेमात, नाहीतर एखाद्या परदेशी वाहिनीवर. बारीक केस कापलेली तरुण मुलं रांगेत ताठ उभी आहेत. समोर कडक इस्त्रीच्या गणवेशातला उस्ताद. एकाच्या बुटाला पॉलिश जरा कमी. झालं! उस्ताद त्याच्या नाकाला नाक लावून असा काही ओरडतो, की घरात बसलेले आपणही दचकतो. मग शिक्षा. काढा जोर! त्या एकट्याने नाही, सगळ्या रांगेने.

असं काही टीव्हीवर लागलं, की घरात लगेच दोन पक्ष पडतात. "असंच पाहिजे! उद्या गुंडांशी गाठ पडली तर तिथे काय गोडीगुलाबीने बोलणार?" हा झाला पहिला पक्ष. "अगं बाई, केवढा ओरडतोय त्या लेकरावर! बुटाच्या पॉलिशसाठी एवढं?" हा दुसरा. आणि एक तिसराही पक्ष असतो, बहुतेक तुमच्याच वयाचा! तो खो-खो हसतो आणि म्हणतो, "हा जाड्या पहिला बाहेर जाणार. लागली पैज?"

कोणाचं बरोबर? निकाल देण्याची घाई नको. आधी जरा कॅमेऱ्याच्या मागे जाऊन येऊ.

खरी माणसं, खरी नोकरी

२००७ साली अमेरिकेतल्या फॉक्स रिअ‍ॅलिटी या वाहिनीवर 'द अकॅडमी' नावाची मालिका सुरू झाली. तिच्यात नट नव्हते. लॉस एंजेलिस काउंटीच्या शेरीफ खात्यात भरती होऊ पाहणारे खरेखुरे उमेदवार होते. मुंबईचे शेरीफ म्हणजे शहराचं एक मानाचं पद, हे तुम्ही सामान्यज्ञानाच्या पुस्तकात वाचलं असेल. लॉस एंजेलिस काउंटीत मात्र शेरीफ हा लोकांनी निवडून दिलेला पोलीसप्रमुख असतो आणि त्याच्या हाताखाली हजारो पोलीस काम करतात. पुढे याच मालिकेचा कॅमेरा शेजारच्या ऑरेंज काउंटीच्या अग्निशमन दलाकडे वळला आणि फायरमन कसा घडतो, तेही लोकांनी पाहिलं.

आता एक फरक लक्षात घ्या. गाण्याच्या स्पर्धेत बाद झालेला गायक घरी जाऊन गातच राहतो. पण इथे जो बाद होतो, त्याची नोकरी जाते. कदाचित लहानपणापासून पाहिलेलं स्वप्नही जातं. आपल्याला जी गंमत वाटते, ती त्याच्या आयुष्यातली सगळ्यात वाईट दुपार असते. आणि ती दुपार गावभर दिसते!

कॅमेरा काय निवडतो?

अमेरिकेत पोलिसाचं पायाभूत प्रशिक्षण सरासरी ८०० तासांहून जास्त असतं. एवढ्या वेळात उमेदवार काय शिकतात? कायदा, अहवाल लिहिणं, प्रथमोपचार, गाडी चालवणं, शस्त्र हाताळणं, भांडणारी माणसं शांत करणं. खूपसा वेळ चक्क वर्गात बाकावर जातो, तुमच्यासारखाच!

पण विचार करा, वही उघडून कायद्याचं कलम घोकणारा उमेदवार दहा मिनिटं कोण बघेल? म्हणून ८०० तासांतून काही तास निवडताना कात्री कुठे चालते, हे सांगायला नको. ओरडा, घाम, अश्रू आणि 'आता याचं काय होणार?' एवढंच शिल्लक राहतं. कॅमेरा खोटं बोलतो असं नाही, बरं का. तो निवडतो. शाळेच्या सहलीत तुम्ही दिवसभर छान चाललात आणि एकदाच चिखलात घसरलात, पण फोटो नेमका तेवढाच निघाला, तर? फोटो खराच. पण सहल तेवढीच होती का?

भिंतीवरचा हात सोडू नकोस!

आता आगीच्या बंबाकडे जाऊ. अमेरिका आणि कॅनडातल्या अनेक अग्निशमन दलांत भरतीसाठी एक ठरावीक शारीरिक चाचणी असते. अंगात सुमारे २३ किलोंचं वजनदार जाकीट घालायचं आणि एकामागून एक आठ कामं करायची. पाण्याचा होज ओढायचा, शिडी उभी करायची, अंधाऱ्या बोगद्यातून रांगत जायचं, ७५ किलोंचा पुतळा ओढून न्यायचा, असं बरंच काही. सुरुवातीला यंत्रावरचा जिना चढताना तर खांद्यावर आणखी ११ किलो! आणि वेळ किती? १० मिनिटं २० सेकंद. एक सेकंद जास्त लागला की नापास.

"किती दुष्ट नियम!" असं वाटलं ना? पण खऱ्या आगीत फायरमनच्या अंगावर जाड पोशाख असतो आणि पाठीवर हवेची बाटली. ती ३० मिनिटांची म्हणून दिलेली असली, तरी धावपळीत श्वास वाढला की त्याआधीच संपते. धुरात स्वतःचा हातही दिसत नाही. म्हणून शिकवतात, की जमिनीलगत रांगत जा, एक हात भिंतीला लावून ठेव आणि जोडीदाराला सोडून जाऊ नकोस. भिंत सुटली की बाहेरची वाट सुटली. मग सरावात उमेदवाराने भिंतीवरचा हात काढला आणि उस्ताद कडाडले, तर तो राग की काळजी?

इथे आपल्या पहिल्या पक्षाची सरशी झाली. पण थांबा हं, गोष्ट अजून संपली नाही.

ओरडून चांगला पोलीस घडतो का?

हा प्रश्न कोणीतरी खरोखर तपासून पाहिला आहे. आणि गंमत बघा, ज्या लॉस एंजेलिस शेरीफ खात्यावर २००७ मध्ये मालिका आली, त्याच खात्यात! हॉवर्ड अर्ल हे तिथले वरिष्ठ अधिकारी. त्यांनी दोन प्रकारे शिकलेल्या उमेदवारांची तुलना केली. काहींना लष्करी थाटात, ओरडा-शिक्षेच्या दडपणाखाली शिकवलं गेलं. इतरांचं प्रशिक्षण त्या दडपणाशिवाय, कॉलेजसारख्या मोकळ्या वातावरणात झालं. मग सगळे कामावर रुजू झाल्यावर पाहिलं, की कोण कसं काम करतो. १९७३ साली त्यांचं पुस्तक प्रसिद्ध झालं. निष्कर्ष असा, की दडपणाशिवाय शिकलेल्यांचं प्रत्यक्ष काम जास्त चांगलं होतं. ते नोकरीत जास्त समाधानी होते. आणि ज्या लोकांसाठी ते काम करत, त्यांनाही ते जास्त पसंत पडले!

एका अभ्यासाने सगळे वाद मिटत नाहीत, हे खरं. अमेरिकेत दोन्ही प्रकारच्या अकादमी अजूनही आहेत. पण विचार पुढे जातच राहिला. वॉशिंग्टन या राज्यात २०१२ साली स्यू रार या बाई पोलीस प्रशिक्षणाच्या प्रमुख झाल्या. त्या स्वतः आधी शेरीफ होत्या. तिथे रिवाज असा होता, की कोणी अधिकारी समोरून आला की उमेदवाराने खाडकन सावधान होऊन गप्प उभं राहायचं. रारबाईंनी तो बदलला. आता नजरेला नजर द्यायची आणि आपणहून बोलायला सुरुवात करायची. का? कारण उद्या रस्त्यावर हरवलेलं मूल भेटेल, घाबरलेली आजी भेटेल. त्यांच्याशी बोलता यायला नको का? त्यांना लढवय्ये नकोत, राखणदार हवे होते.

मग कोणाचं बरोबर?

दोन्ही पक्षांचं थोडं थोडं! मात्र टीव्हीवर एक गडबड होते. कडकपणा आणि अपमान तिथे अगदी सारखे दिसतात. दोघांचा आवाज मोठा, दोघांचा चेहरा लाल. फरक ओळखायचा तो आपणच. "भिंतीवरचा हात काढू नकोस" हा कडकपणा. त्याच्यामागे कारण आहे आणि ते उमेदवाराचा जीव वाचवतं. "तुझ्यासारख्या बावळटाला इथे घेतलं कोणी?" हा अपमान. त्यातून उमेदवाराला नवं काय कळलं? काहीच नाही.

पुढच्या वेळी असा कार्यक्रम लागला, की हे तीन प्रश्न विचारून बघा. या ओरडण्यातून समोरच्याला काही शिकायला मिळालं का? या दृश्याच्या आधी आणि नंतर काय घडलं असेल, जे आपल्याला दाखवलंच नाही? आणि जो चुकला, त्याच्या जागी आपला दादा किंवा ताई असती, तर आपण हसलो असतो का?

आईबाबांनो, तुम्हीही या खेळात भाग घ्या. चॅनेल बदलण्यापेक्षा मुलांबरोबर दोन मिनिटं वाद घाला. हरलात तरी चालेल!

आणि हो, वर्गाच्या कबड्डी संघाचे कॅप्टन असाल तर तुमच्यासाठी खास. उद्या मैदानावर कोणाचा पाय रेषेबाहेर पडला, तर जरूर ओरडा. पण ओरडून झालं की तो पाय कुठे ठेवायला हवा होता, तेही सांगा.