स्वतःची पट्टी

पेटीवाल्याला सगळ्यांची पट्टी, म्हणजे कुणाचा सा कुठं, पाठ असते. अमुक बुवा काळी दोनला गातात, पण सप्ताहाच्या पाचव्या दिवशी घसा बसला की त्यांना न विचारता अर्धा सूर खाली घ्यायचा. तमुक ताईंचा आवाज पांढरी पाचच्या अलीकडे खुलतच नाही. लातूरकडच्या चाकूरचे जे पेटीमास्तर या लेखाचा विषय आहेत, ते तीसेक वर्षं हे सगळं डोक्यात घेऊन तालुकाभर फिरले. गाणी बाहेर येईपर्यंत नाव छापू नका, असं त्यांनी सांगितलं आहे. स्वतः लिहिलेली, स्वतःच चाल लावलेली सहा गाणी रेकॉर्ड करायला ते बसले, तेव्हा पहिलाच प्रश्न आला: मास्तर, तुमची पट्टी कोणती? मास्तर गप्प.

सवयीनं त्यांनी काळी तीन धरली. भजनाच्या फडावर तीच चालते, कारण समोर माणसं असतात आणि टाळांच्या वरून आवाज न्यायचा असतो. बंद खोलीत तिचं ओरडणं झालं. मग एकेक सूर उतरत ते पांढरी एकवर आले, आणि तिथं पहिल्यांदा त्यांचा बोलण्याचा आवाज आणि गाण्याचा आवाज एकाच माणसाचे वाटले.

खोली म्हणजे लग्नाच्या शूटिंगचा धंदा करणाऱ्या एका पोराची मागची खोली. भिंतींना गाद्या टेकवलेल्या, दारावर वाकळ, एक लॅपटॉप, एक साऊंड कार्ड, एक कंडेन्सर माइक. सोयाबीनची पेरणी उरकल्यावर मास्तरांना सवड मिळाली, म्हणून काम पावसाळ्यात. पंख्याचा आवाज माइकमध्ये येतो, म्हणून पंखा बंद. नांदेड-लातूर रस्त्यावरचे हॉर्न गाद्यांनाही जुमानत नाहीत, म्हणून वेळ रात्री अकरानंतरची. मी कोपऱ्यात बसून होतो आणि मला खोकायचीही परवानगी नव्हती.

पेटीचं रेकॉर्डिंग किचकट असतं, हे तिथं कळलं. माइक जवळ नेला तर भात्याचा श्वास आणि पट्ट्यांची खटखट स्वरांपेक्षा मोठी येते. लांब नेला तर खोली ऐकू येते. पोरानं पेटीचं वरचं झाकण काढलं, माइक भात्यापासून दूरच्या बाजूला थोडा उंच धरला. मग एक स्वर कणसूर निघाला. सूर मिळवण्याचं हे काम मास्तरांना येतं: पेटीच्या आतल्या पितळी पट्टीचं टोक किंचित खरवडलं की स्वर चढतो, बुडाशी खरवडलं की उतरतो. त्या रात्री एका सुराच्या पायी बराच वेळ गेला आणि गाणं एकही झालं नाही.

दुसरी अडचण क्लिकची. हेडफोनमध्ये ठरलेल्या लयीत टकटक वाजत राहते आणि तिच्यावर गायचं, ही आजची रीत. मास्तरांची लय दुसऱ्या कडव्यापासून चढायला लागे. भजनी ठेक्यात वाढलेल्या माणसाची लय चढतेच, फडावर तो दोष समजला जात नाही. पोरगा लॅपटॉपवर रेषा दाखवी, मास्तर मान हलवत आणि पुन्हा तेच होई. शेवटी क्लिक काढून टाकली. माझ्या मते या कामातला तो सगळ्यात शहाणपणाचा निर्णय होता.

पण खरी गोष्ट तिसऱ्या गाण्याला झाली. साथीदाराचं काम काय? गायकानं श्वास घेतला की मोकळी पडलेली जागा भरायची. ओळ संपली की तिचंच शेपूट धरून एक छोटी सुरावट वाजवायची. मास्तरांचा हात त्यात पक्का. आता गाणारेही तेच, तरी ओळ संपली की बोटं धावत. शब्द ऐकणाऱ्याच्या मनात उतरायच्या आत पेटी त्याच्यावरून जाई. दोन-तीनदा ऐकून पोरानं माइक बंद केला आणि विचारलं, "मास्तर, तुम्ही गाऊलालाव का वाजवूलालाव?"

मास्तर हसले नाहीत. थोड्या वेळानं म्हणाले, "हात ऐकंना गेलाय."

मग त्यांनी पेटी बाजूला ठेवून नुसतं गायचं ठरवलं. आधी पेटीचा डमी ट्रॅक, मग त्यावर आवाज, मग डमी पुसून खरी पेटी. गाताना त्यांची बोटं मांडीवर चालत होती. आपला आवाज हेडफोनमध्ये ऐकून ते दचकले. बहुतेक सगळे दचकतात. बोलताना आपला आवाज आपल्याला कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो, म्हणून तो आतून भरदार वाटतो आणि माइकमधून पातळ. तीस वर्षं दुसऱ्यांचा आवाज सांभाळलेल्या माणसाला हा आवाज ओळखीचा करून घ्यावा लागला. शेवटी पेटी भरताना मात्र हात थांबला. जिथं गळ्यानं मींड घेतली, म्हणजे सूर न तोडता एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत नेला, तिथं त्यांनी बोट उचललं. पेटीला मींड येत नाही, ही तिच्यावरची जुनी तक्रार. अशाच आक्षेपांपायी आकाशवाणीनं 1940 पासून 1971 पर्यंत हार्मोनियमला दार बंद ठेवलं होतं. मास्तरांनी भांडण न करता तोडगा काढला: तिथं वाजवायचंच नाही.

साथीची जागा सोडून पुढं येणारे किंवा सगळं एकट्यानं करणारे मास्तर काही पहिले नाहीत. कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे भास्करबुवा बखल्यांना पेटीची साथ करायचे. 1911 च्या 'मानापमान'ला त्यांनी चाली दिल्या, आणि 1932 च्या 'अयोध्येचा राजा'त हरिश्चंद्र होऊन पडद्यावर स्वतः गायले. शाहीर वामनदादा कर्डकांचे तर शब्द, चाल आणि गळा तिन्ही त्यांचेच. गोव्यात शिवोलीच्या घरी रेमो फर्नांडिसनं 1984 मध्ये 'गोअन क्रेझी' हा आपला इंग्रजी गाण्यांचा पहिला अल्बम चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर एकट्यानं केला. गाणं त्याचं, वाद्यं त्यानंच वाजवलेली. कॅसेटीही स्कूटरवरून फिरून त्यानंच खपवल्या. चार ट्रॅक म्हणजे काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे आधीच ठरवावं लागतं. आमच्या पोराच्या लॅपटॉपवर ट्रॅकना अंत नाही, त्यामुळे पहिल्या गाण्यात बासरी, तबला, कीबोर्डातली व्हायोलिनं असा सगळा बाजार भरला होता. तो पुढं मास्तरांनीच उठवला.

गाण्यांत काय आहे? एक 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेचं. आदल्या रात्री गणपती विसर्जनाच्या भजनात पेटी वाजवून पोरसवदा मास्तर दमून झोपले होते, आणि चारच्या सुमाराला जमीन हलली. गाणं भूकंपात कोसळलेल्या किल्लारीच्या ढिगाऱ्यांवर नाही. चाकूरच्या अंगणात बसलेल्या आईला बातमी कळेपर्यंतच्या तासांवर आहे. तिचं माहेर त्या बाजूचं. दुसरं 2016 च्या उन्हाळ्याचं, मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या दिवसांत पुढं ढकललेल्या लग्नाचं. मास्तरांची आई जात्यावर ओव्या करायची, आणि भावाच्या, सासरच्या, दुखण्याच्या गोष्टी नावागावासकट त्यात असत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. स्वतःचं स्वतः रचून गाणं आमच्या घरांत बायका कधीपासून करत आल्या. पेटीवाले पुरुष तेवढे मागं राहिले.

एक गोष्ट मास्तरांनी बऱ्याच वादानंतर सोडली. अभंगाच्या रीतीनं प्रत्येक गाण्याच्या शेवटच्या कडव्यात त्यांनी स्वतःचं नाव गुंफलं होतं. पोराचं म्हणणं, सगळं गाणंच तुमच्याबद्दल आहे, मग नाव कशाला? पाच गाण्यांतून नाव गेलं. भूकंपाच्या गाण्यात त्यांनी ते हट्टानं ठेवलं आहे, आणि ते तिथं शोभतं, कारण त्या पहाटे आई त्यांना त्याच नावानं हाका मारत होती.

सहापैकी चार गाणी मला उत्तम वाटली. बाजारभावावरचं गाणं अजून भाषण आहे, आणि विठ्ठलावरचं इतर कुणीही गायलं असतं. पण उरलेल्या चारांत असा माणूस भेटतो, ज्याला आपण तीस वर्षं बुवांच्या शेजारी बसलेला पाहिला आणि विचारलं काहीच नाही. तुमच्या गावातल्या एखाद्या वादकानं असं काही केलं असेल तर फोनच्या स्पीकरवर ऐकू नका, हेडफोन लावा. पेटीचा खर्ज फोनवर जवळजवळ ऐकू येत नाही, आणि मास्तरांनी बरंचसं सांगितलं आहे ते खर्जातच.