आजीची हिब्रू कुठे गेली? (इस्रायलचे वार्तापत्र)

उतारवयात ओळखीचे नाव ओठावर येऊन अडते, आतल्या खोलीत कशाला आलो ते आठवत नाही, घरभर शोधलेला चष्मा कपाळावरच सापडतो. हा विसर वयाचा. मेंदूचा वेग मंदावतो, पण साठवलेले सहसा शाबूत असते. कोणी पहिले अक्षर सांगितले की नाव आठवते. डिमेन्शियात, विशेषतः त्याच्या सर्वांत मोठ्या कारणात, अल्झायमरमध्ये, नवी गोष्ट मुळात नोंदलीच जात नाही. सकाळी लेक येऊन गेली हे दुपारपर्यंत पुसले जाते, आठवण करून दिली तरी खूण पटत नाही, आणि तोच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो.

इस्रायलमधल्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातून आलेल्या मराठी ज्यूंच्या, घरांत हा फरक ओळखणे जरा जास्त अवघड जाते. अलिबाग, रेवदंडा, पेण, रोहे या पट्ट्यातली ही माणसे, बरीचशी मुंबईमार्गे, १९४८ नंतर इकडे आली आणि दिमोना, लोद, रामले, अश्दोद, बीरशेबा अशा गावांत वसली. पेणकर, रोहेकर, किहीमकर ही आडनावे टिकली, ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही निघाले. मोठेपणी आलेल्यांनी हिब्रू वर्गात किंवा कामावर शिकून घेतली. डिमेन्शियात बहुधा नंतर शिकलेली भाषा आधी सुटते. नातवंडांशी हिब्रूत बोलणारी आजी मराठीत उत्तरे देऊ लागते, आणि नातवंडांना मराठी कळत नाही. घरच्यांना वाटते, आजीला गावाची ओढ लागली. एखादा हिब्रू शब्द न सुचणे किरकोळ आहे. पण समोरच्याला आपले बोलणे कळत नाही हेच ध्यानात येईनासे झाले, तर तपासणी टाळू नये.

उलटी चूकही होते. जिला हिब्रू कधीच नीट आली नाही, तिला हिब्रूतल्या चाचणीत गुण कमी पडणारच. १९७५ साली प्रसिद्ध झालेली आणि जगभर चालणारी ३० गुणांची मिनी मेंटल चाचणी तारीख, वार, महिना आणि ऋतूही विचारते. इथे ज्यू पंचांगाचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, सरकारी तारीख मध्यरात्री बदलते आणि पाऊस थंडीत पडतो. एकमेकांत गुंतलेले दोन पंचकोन काढायला सांगतात. शाळा न पाहिलेल्या हाताला ते निरोगीपणीही जमले नसते. भारतात याच अडचणीपायी हरियाणातल्या बल्लभगढच्या अभ्यासासाठी या चाचणीचे हिंदी रूप नव्याने बेतावे लागले. तेव्हा नुसत्या गुणांवर निदान ठरवणे धोक्याचे.

खरी तुलना त्या माणसाची त्याच्याच पूर्वीच्या वकुबाशी करायची. एलियाहू हन्नाबी, म्हणजे प्रेषित एलिया, यांच्या नावाने पोहे, गूळ, खोबरे घालून मलिदा करायची बेने इस्राएलांची रीत आहे. जन्मभर तो केलेली बाई वेलची घालायला विसरली तर विसरली. भिजवलेल्या पोह्यांपुढे उभी राहून पुढे काय करायचे हेच तिला उमगेना, तर गोष्ट वेगळी. सिनेगॉगहून घरी यायची रोजची वाट चुकणे, आयुष्यभर चोख ठेवलेला हिशेब अचानक न जुळणे, पैसे कोणीतरी चोरतो असा संशय, गप्पिष्ट माणसाने बैठकीतून उठून जाणे हीही त्यातलीच लक्षणे. बऱ्याचदा वयाच्या विसराची तक्रार माणूस स्वतः करतो. डिमेन्शियाची घरचे करतात आणि तो मात्र ‘मला काही झालेलं नाही’ म्हणतो.

गोंधळ दोन दिवसांत उद्भवला असेल तर आधी लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, अंगातले पाणी कमी होणे, नवे औषध यांचा शोध घ्यायचा, तोही त्याच दिवशी. बी-१२ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, कमी ऐकू येणे, झोपेच्या गोळ्या यांनीही विसर वाढतो आणि यांतल्या बऱ्याच गोष्टींवर इलाज आहे.

इस्रायलमध्ये १९९५ पासून प्रत्येक रहिवासी चारपैकी एका आरोग्य निधीचा, म्हणजे कुपात खोलीमचा, सभासद असतो. फॅमिली डॉक्टर, रक्ततपासणी, मग गरजेप्रमाणे स्कॅन आणि स्मृतीचे क्लिनिक, असा तिथला मार्ग. घरी राहणाऱ्या वृद्धाला मदतनीस मिळावा म्हणून १९८८ पासून राष्ट्रीय विमा संस्था शुश्रूषा भत्ता देते. हा भत्ता ठरवताना आंघोळ, कपडे, जेवण स्वतःचे स्वतः होते का आणि माणसावर लक्ष ठेवावे लागते का, हे पाहतात. हा निकष स्मरणशक्तीच्या गुणांपेक्षा शहाणपणाचा वाटतो. मदतनीस पुष्कळदा परदेशी असतात, त्यांत केरळचेही. मग मराठी आजी, मल्याळी मदतनीस आणि हिब्रू नातवंडे एका घरात नांदतात.

ही माणसे जिथून आली त्या रायगडच्या किनाऱ्यावर अडचण निराळी आहे. मुले मुंबईत किंवा परदेशी, आणि वृद्ध मात्र ठरलेल्या दिनक्रमात, ओळखीच्या आळीत. त्यामुळे आजार लपून राहतो, आणि फोनवरच्या ‘बरं आहे’मधून तर काहीच कळत नाही. डॉक्टरांकडे नेताना गोळ्यांच्या पट्ट्या, चष्मा, श्रवणयंत्र आणि घडलेल्या तीन-चार प्रसंगांची तारखांसह टिपणे न्यावीत. दहा वर्षांपूर्वीपासून ओळखणारे कोणीतरी सोबत असावे आणि प्रश्न मराठीतच विचारायला सांगावेत.