पोटातील गाठ : उशिरा आलेला सांगावा

अमेरिकेतील रॉचेस्टर येथील सेंट मेरीज रुग्णालयात सिस्टर मेरी जोसेफ या परिचारिका डॉ. विल्यम मेयो यांना शस्त्रक्रियेत साहाय्य करीत. काही रुग्णांच्या बेंबीत कठीण गाठ हाताला लागे आणि अशांच्या पोटात बहुधा पसरलेला कर्करोग आढळे, हे त्यांनी हेरले. डॉ. मेयो यांनी १९२८ साली ते नोंदविले; १९४९ मध्ये हॅमिल्टन बेली यांनी त्या गाठीस सिस्टरांचे नाव दिले.

पोटातील प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. ती हर्नियाची वा चरबीचीही असू शकते. तो निर्णय मात्र डॉक्टरांचा. जठराच्या कर्करोगाची गाठ हाताला लागते, तेव्हा रोग बहुधा पुष्कळ पुढे गेलेला असतो. त्याआधीच्या खुणा साध्या असतात : चार घासांत पोट भरणे, अन्नावरची वासना उडणे, वजन घटणे, डांबरासारखे काळे शौचास होणे. आपण त्यांना ‘पित्त’ म्हणतो आणि ओवा-सोड्यावर महिने काढतो. सर्वांना वाढून मागाहून जेवणारी गृहिणी किती जेवली, हे तर कोणी पाहतही नाही.

या खुणा दोन-तीन आठवडे टिकल्या, तर डॉक्टरांना दाखवावे. काळे शौचास झाल्यास त्याच दिवशी. दुर्बिणीच्या तपासणीने जठर आतून दिसते. गाठीची वाट पाहू नये.