मॅडम अशा का वागतात?

गैरसमज: बाईच बाईची वैरीण.

मुंबईत अंधेरीचं सीप्झ असो की मुलुंडमधलं एखादं ऑफिस, डबा खाताना हे कुणीतरी म्हणतंच. कनिष्ठ महिलांना चार हात लांब ठेवणाऱ्या मॅडम असतात, हे खोटं नाही. खोटं आहे ते एवढंच, की तो बायकांचा मूळ स्वभाव.

बेले डर्क्स आणि सहकाऱ्यांनी नेदरलँड्समधल्या वरिष्ठ महिला पोलिसांवर केलेला अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना बाई म्हणून डावललं गेल्याचा प्रसंग आठवायला सांगितला. काहींना, जिथे फक्त कामाची कदर झाली असा. डावललं गेल्याची आठवण निघाली, तेव्हा स्वतःकडे ‘स्त्री’ म्हणून फारसं न पाहणाऱ्या अधिकारी इतर बायकांपासून अंतर राखू लागल्या, स्वतःचं वर्णन पुरुषी शब्दांत करू लागल्या, भेदभाव वगैरे काही नसतो असंही म्हणू लागल्या. ज्यांना ही ओळख जवळची होती, त्यांच्यात मात्र उलटच झालं: इतर महिलांना पुढे आणायची इच्छा वाढली. घाव तोच, प्रतिक्रिया दोन. त्यामुळे एका मॅडमवरून सगळ्यांना जोखू नये, आणि त्या एकीला जोखतानाही आधी ऑफिसकडे पाहावं.

गैरसमज: अन्याय झाला असता तर मॅडम बोलल्या असत्या.

बोस्टनचं उपनगर असलेल्या न्यूटनमधल्या नोकरदारांचा अभ्यास फे क्रॉस्बी यांनी १९८०च्या दशकात मांडला. तिथल्या बायकांना तोलामोलाच्या कामासाठी पुरुषांपेक्षा कमी पगार मिळत होता. बायकांवर अन्याय होतो, हे त्यांना मान्य होतं. फक्त ‘माझ्यावर नाही’. वरच्या खुर्चीत हे कबूल करणं आणखी जड जात असावं. रडूबाईचा शिक्का कुणाला हवाय?

गैरसमज: ज्येष्ठता आली की प्रश्न मिटतो.

याचं उत्तर सीप्झपासून जवळच, सहारच्या विमानतळावर मिळेल. एअर इंडियाच्या विमानात ‘इन-फ्लाइट सुपरवायझर’ हे पद वर्षानुवर्षं पुरुषांसाठीच राखलेलं होतं. अनुभवाने ज्येष्ठ एअर होस्टेसनेही कनिष्ठ पुरुषाच्या हाताखाली काम करायचं. २००५च्या आदेशाने ते पद महिलांना खुलं झालं, तेव्हा पुरुष कर्मचारीच कोर्टात गेले. २००७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात ते हरले, तरी थांबले नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने महिलांच्या बाजूने निकाल दिला तो नोव्हेंबर २०११ मध्ये.