विश्लेषण : काडतुसाची ‘मान’ गोळीला किती घट्ट धरते? लांब पल्ल्याच्या नेमबाजीत मँड्रेलचे माप का महत्त्वाचे?

अमेरिकेतील ‘एफ-क्लास’ स्पर्धांमध्ये नेमबाज जमिनीवर पालथे झोपून, रायफलला आधार देऊन १००० यार्डांवरील, म्हणजे सुमारे ९१४ मीटरवरील लक्ष्याचा वेध घेतात. तेथे दहा गुणांचे वर्तुळ १० इंच व्यासाचे, तर त्यातील ‘एक्स’चे वर्तुळ अवघ्या ५ इंचांचे असते. वाऱ्याचा अंदाज चुकला की गोळ्या डाव्या-उजव्या बाजूला जातात. त्या वर-खाली विखुरू लागल्या, की संशय काडतुसावर येतो. यातील अनेक स्पर्धक वापरलेल्या पितळी पुंगळ्या घरीच पुन्हा भरतात. त्या कामातील एक लहानशी पोलादी दांडी, ‘एक्स्पांडर मँड्रेल’, कशी निवडावी हा त्यांच्या दृष्टीने गुणांचा प्रश्न असतो.

मानेची पकड आणि गुणांचा संबंध काय?

काडतुसाचे चार भाग असतात. पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी गोळी. पुंगळीचा वरचा अरुंद भाग म्हणजे मान. मानेचा आतला व्यास गोळीपेक्षा किंचित कमी असतो, म्हणून गोळी तिच्यात घट्ट बसते. या पकडीला ‘नेक टेन्शन’ म्हणतात. पेटलेल्या दारूच्या दाबाने गोळी या पकडीतून सुटते. पकड प्रत्येक काडतुसात वेगळी असेल, तर सुटण्याचा क्षण आणि पर्यायाने गोळीचा वेगही बदलतो. .३०८ रायफलची गोळी सेकंदाला साधारण २७०० फूट वेगाने निघत असेल, तर अवघ्या १० फुटांच्या फरकाने १००० यार्डांवर ती सुमारे तीन इंच वर किंवा खाली लागते. फरक ३० फुटांवर गेला, तर दहाचे जवळपास अख्खे वर्तुळ त्यातच संपते. दारूचे वजन, प्रायमर आणि पुंगळीतील जागा हीदेखील वेगातील फरकाची कारणे आहेत; मात्र मानेची पकड भरणाऱ्याच्या थेट हातात असते.

मँड्रेल नेमके काय करतो?

गोळी झाडली की पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला टेकते आणि मान सैल होते. ती पुन्हा वापरायची, तर ‘सायझिंग डाय’मध्ये दाबून मूळ आकारात आणावी लागते. ही डाय मान गरजेपेक्षा थोडी जास्त आवळते. नेहमीच्या डायमध्ये आतल्या दांडीवर एक गोळा असतो. पुंगळी बाहेर येताना तो मानेतून ओढला जातो आणि ती योग्य मापापर्यंत उघडतो. या ओढाताणीत मान ताणली जाण्याची किंवा तिरकी होण्याची शक्यता असते. मँड्रेल वेगळ्या डायमध्ये बसवतात आणि तो वरून मानेत सरळ ढकलला जातो. मानेच्या भिंतीची जाडी सगळीकडे सारखी नसते. मँड्रेल हा कमी-जास्तपणा बाहेरच्या बाजूला ढकलतो, त्यामुळे गोळीला स्पर्श करणारी आतली बाजू गोल आणि एकसारखी राहते.

कोणत्या मापाचा मँड्रेल निवडावा?

येथेच अनेकांचा हिशेब चुकतो. .३०८च्या गोळीचा व्यास ०.३०८ इंच असतो. दोन हजारांश इंचाची पकड हवी म्हणून ०.३०६ इंचाचा मँड्रेल घेतला, तरी मान ०.३०६वर थांबत नाही. पितळ लवचीक असल्याने मँड्रेल बाहेर निघताच ते साधारण अर्धा ते एक हजारांश इंच परत मिटते. प्रत्यक्षातील पकड अडीच ते तीन हजारांश होते. दोनच हजारांश हवे असतील, तर ०.३०६५ किंवा ०.३०७ इंचाचा मँड्रेल लागतो. म्हणूनच काही उत्पादक अर्ध्या-अर्ध्या हजारांशाच्या टप्प्याने मँड्रेल विकतात. एक हजारांश इंच म्हणजे सुमारे २५ मायक्रॉन. माणसाचा केस त्याहून जाड असतो.

योग्य पकड रायफलच्या वापरावरही ठरते. एकेक काडतूस हाताने भरणाऱ्या स्पर्धकाला एक हजारांशाच्या आसपासची हलकी पकड पुरू शकते. मॅगझिनमधून काडतुसे भरली जात असतील, तर धक्क्याने गोळी सरकू नये म्हणून ती जास्त हवी. हा सुरक्षेचा मुद्दा आहे. सैल गोळी पुंगळीत मागे ढकलली गेली, तर आतली जागा कमी होऊन दाब धोकादायक वाढू शकतो.

मापन कसे करतात?

साध्या कॅलिपरची चूक एक हजारांशापर्यंत असू शकते. म्हणजे जे मोजायचे तेवढीच चूक. त्यामुळे मानेच्या आतल्या व्यासासाठी पिन गेज, तर बाहेरच्या व्यासासाठी मायक्रोमीटर वापरतात. गोळी बसवण्याआधी आणि नंतर मानेचा बाहेरचा व्यास मोजला, तर त्यातील वाढ प्रत्यक्ष पकडीचा अंदाज देते. काही स्पर्धक गोळी बसवताना लागणारे बल दाखवणारा प्रेस वापरतात. दहापैकी एका पुंगळीत काटा वेगळा दिसला, तर ती सरावासाठी बाजूला ठेवली जाते.

मग मँड्रेल घेतला की काम झाले?

नाही. पुंगळीचे पितळ सुमारे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त यांचे असते. प्रत्येक वेळी फुगून आणि आवळून ते कडक होत जाते. पाच वेळा वापरलेली पुंगळी नव्यापेक्षा जास्त मिटते, त्यामुळे एकाच मँड्रेलने दोघींची पकड वेगळी होते. यावर उपाय म्हणजे मान ठरावीक वेळ तापवून पितळ पुन्हा मऊ करणे. मानेतील काजळी आणि वंगण यांचाही परिणाम होतो. कोरड्या, घासून स्वच्छ केलेल्या मानेत घर्षण वाढते. त्यामुळे एकाच खेपेतील, सारख्याच वेळा वापरलेल्या पुंगळ्या एकत्र ठेवणे आणि दरवेळी एकाच पद्धतीने वंगण लावणे, ही मँड्रेलच्या मापाइतकीच महत्त्वाची शिस्त आहे. पकड दोन हजारांश असो वा अडीच, पन्नासही पुंगळ्यांत ती सारखी असेल तरच वेग सारखा राहतो.

भारतीय नेमबाजांना याचा फायदा काय?

कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळेने २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक जिंकले. त्या प्रकारातील .२२ काडतुसात प्रायमरचे मिश्रण पुंगळीच्या कडेतच असते, त्यामुळे ते पुन्हा भरले जात नाही. तेथे नेमबाज कारखान्याच्या वेगवेगळ्या खेपा आपल्या नळीतून झाडून पाहतात आणि जी सर्वांत जवळ मारते ती निवडतात. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतुसे भरण्यास संघराज्याचा परवाना लागत नाही. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार दारूगोळा तयार करण्यासाठी परवाना आवश्यक आहे. मार्ग वेगळे असले, तरी दोन्हीकडे शोध एकाच गोष्टीचा आहे : पहिले आणि शेवटचे काडतूस सारखेच वागावे.